भरलेली बाटली

"गुर्जी, पोऱ्या शाळामा पानी पेत नही."

पालकसभा आटोपून मी खडूचे हात झटकत होतो. त्याची आई दारातच उभी होती. डोक्यावर पदर, हातात पोराची निळी प्लास्टिकची बाटली. झाकण हरवू नये म्हणून सुतळीने बाटलीच्या गळ्याशी बांधलेलं. तिने ती बाटली माझ्यापुढे धरली. "सकायले भरी देस. सांजले तशीच भरेल घर येस."

२००९ चा मार्च होता. उन्हाळ्यासाठीची सकाळची शाळा अजून सुरू व्हायची होती. आमच्याकडे मार्च म्हणजे उन्हाळाच. बोरीच्या पात्रात वाळूशिवाय काही उरत नाही आणि पत्र्याच्या वर्गात दुपारी दीडनंतर पोरांची डोकी बाकावर टेकायला लागतात. मी आठवी 'ब'चा वर्गशिक्षक होतो. तिला म्हणालो, "माय, हापशाचं पाणी गार लागतं पोरांना. तेच पीत असेल." ती काही बोलली नाही. बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

तेरा वर्षांचा पोरगा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पाण्याचा घोट घेत नाही, तो कशामुळे? वर्गातल्या प्रत्येक पोराला याचं उत्तर माहीत होतं. पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं. मला ते कळायला पंधरा-सोळा वर्षं लागली, आणि तेही त्यानेच सांगितलं तेव्हा.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. गावाचं नाही, शाळेचंही नाही. अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातली, कापूस आणि ज्वारीच्या शिवारांत उभी असलेली एक साधी माध्यमिक शाळा समजा. अशा शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. तिथले सहकारी वाईट नव्हते. पोरांच्या फीसाठी खिशात हात घालणारे, पाऊस लांबला की पोरांच्या बापाच्या शेताची चौकशी करणारे लोक होते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ती शाळाच वेगळी असेल. ती तुमच्या गावातल्या शाळेसारखीच होती.

तो आमच्या शाळेत पाचवीत आला. त्याआधीपासून मी त्याला ओळखायचो, ते गुलाबाईमुळे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे गुलाबाई बसते. जळगाव-रावेरकडे भुलाबाई म्हणतात. कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर जाऊन टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा कानाशी धरून हलवायचा, आवाजावरून सांगायचं, शेंगदाणे की फुटाणे, की साखरेत घोळलेल्या लाह्या. तो त्याच्या मोठ्या बहिणींबरोबर यायचा. सात-आठ वर्षांचा असेल. पोरी एखादं कडवं विसरल्या की त्याच्याकडे बघायच्या, आणि तो डोळे मिटून पुढची ओळ धरायचा. माझी आई तेव्हा होती. ती म्हणायची, या पोऱ्याच्या गळ्यात आमच्या आजीच्या वेळची गाणी आहेत. डबा न हलवताही तो खाऊ ओळखायचा, नुसता वास घेऊन. सगळ्यांना कौतुक होतं. त्याला कुणी काही म्हणायचं नाही.

मग एका वर्षी त्याचं गुलाबाईत येणं थांबलं. त्या वर्षी तो सहावीत होता. मोठ्या बहिणीला विचारलं तर म्हणाली, "आता तो मोठा झाला ना सर. पोरं हसतात." माझ्याही ते सहज पचनी पडलं. मोठा झाला म्हणजे ज्यात जीव रमतो ते सोडायचं, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली असते.

सातवीत असताना आम्ही त्याला स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवली. नाटकातल्या सासूच्या कामाला मुली तयार होईनात, घरचे पाठवेनात, म्हणून त्याला उभं केलं. माझीच कल्पना. अंगात असं काही आलं त्याच्या की गाव बघत राहिलं. पदर सावरणं, कमरेवर हात ठेवून सुनेला बोलणं, चुलीपुढे बसताना लुगड्याचा काचा गुडघ्यात दाबणं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी स्टेजवर येऊन शंभराची नोट दिली. आपल्या खानदेशात हे नवं नाही. वहीगायनात, तमाशात, सोंगांत पुरुषांनी लुगडं नेसून नाचलेलं आमच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलं, दाद दिली. तो स्टेजवर होता तोवर सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी तो पायजमा-शर्टात शाळेत आला तेव्हा फाटकापासूनच पोरांनी त्याला सासूबाई म्हणायला सुरुवात केली. महिन्याभरात सासूबाईचं बायल्या झालं आणि दिवाळीनंतर छक्का.

मला एक गोष्ट आठवते. मी फळ्यापाशी उभा राहून म्हणायचो, "पुस्तक काढा, पान साठ," तर काही व्हायचं नाही. "धडा सहावा," म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. "सहा ओळी लिहून आणा," म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी खोकायचं. मी एकदा वैतागून पट्टी आपटली, "सहामध्ये हसण्यासारखं काय आहे?" सगळा वर्ग फुटला. तो दुसऱ्या बाकावर बसायचा. त्याने मान वर केली नाही, वहीत काहीतरी गिरवत राहिला. मराठीचा मास्तर मी, शब्दांवर पोट भरणारा, आणि माझ्यासमोर एका आकड्याची शिवी झाली होती, ती मला ऐकू आली नाही. षटकार म्हणजे छक्का, छक्का म्हणजे तो.

खेळाच्या तासाला त्याला मुलींच्या रांगेत उभं करायचे. ही शिक्षा होती. धावताना हात नीट हलवले नाहीत, लांब उडीत वाळूपर्यंत पोचला नाही, की चल, जा तिकडे. आणि मुली समोर उभ्या असायच्या. आपल्या रांगेत येणं ही शिक्षा असते, हे त्या पोरी रोज बघत होत्या. त्यांना त्यातून काय कळत असेल, याचा विचार तिथल्या एकाही मोठ्या माणसाच्या मनात आला नाही. मी व्हरांड्यातून ते बघितलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

मुतारीत त्याला पोरं घेरायची. त्यापुढचं मी लिहीत नाही. त्याला अभिप्रेत नसेल असं काही मला इथे मांडायचं नाही. एवढंच सांगतो, २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा जो कायदा आला, पॉक्सो, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं, आणि असं काही कळूनही न कळवणाऱ्यावर शिक्षेची तरतूद आहे. त्याच्या वेळी हा कायदा नव्हता. पण कायदा आल्यानंतरही आमच्या शिक्षकखोलीत अशा गोष्टींना एकच शब्द राहिला, मस्ती. पोरांची मस्ती. मुलीच्या बाबतीत जे झालं असतं तर गाव पेटलं असतं, ते मुलाच्या बाबतीत मस्ती.

आता माझ्याकडे येतो.

आठवीच्या दिवाळीनंतर तो एकदा मला भेटायला आला होता. शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर. टेबलाच्या कडेला नख घासत उभा राहिला. म्हणाला, "सर, पोरं लई चिडवतात." मी विचारलं, कोण? त्याने नाव सांगितलं नाही. काय म्हणतात? तेही सांगितलं नाही. मी त्याला जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि खऱ्या मायेने बोललो. मनापासून बोललो म्हणूनच ते आजही सलतं. म्हणालो, "हे बघ बेटा, थोडं तूही सुधारायला पाहिजे ना. आवाज जरा जाड काढ. चालताना कंबर हलते तुझी, सरळ चाल. हात असे हवेत नको नाचवू. मर्दासारखं राहिलास की कोण चिडवतंय तुला?" त्याने मान हलवली. "हो सर" म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी उत्तरपत्रिका तपासत उशिरापर्यंत थांबलो होतो. खिडकीतून मैदान दिसायचं. मैदानाच्या टोकाला निंबाचं झाड, त्याच्या पलीकडे कंपाऊंड. तो एकटा होता. दप्तर झाडाखाली ठेवलेलं. झाडापासून कंपाऊंडपर्यंत चालत जायचा, वळायचा, परत यायचा. हात मांड्यांना चिकटवलेले. खांदे वर. स्वतःच्या पावलांकडे बघत, एकेक पाऊल मोजून टाकत. मध्येच थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा झाडापाशी जाऊन पहिल्यापासून सुरू करायचा. उन्हं उतरली तरी त्याचं चालणं सुरू होतं. आणि मला त्या वेळी बरं वाटलं. पोरगं ऐकतंय, असं मी मनात म्हणालो आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

दहावीला तो नव्हता. नववीच्या मध्यावर त्याचे वडील दाखला न्यायला आले. कारण काय लिहू, म्हणून कारकुनाने विचारलं, ते म्हणाले, लिहा काहीपण. दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं गेलं. हजेरीपटात त्याआधी लाल शाईने 'सतत गैरहजर'. तो हजेरीपट मी स्वतः भरत होतो. मागाहून डोळ्यांपुढे आणलं तेव्हा कळलं की सुरुवातीला तो फक्त गुरुवारी गैरहजर असायचा. गुरुवारी खेळाचा दुहेरी तास असे. मग गुरुवार आणि शनिवार. मग गुरुवारपासून शनिवारपर्यंत. सगळं त्या पटावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, नुसतं उभं वाचायचं होतं. आम्ही महिनाअखेरीला आडवी बेरीज करायचो.

युनेस्कोने तमिळनाडूतल्या समलिंगी, तृतीयपंथी अशा तरुण-तरुणींना त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. तो अहवाल २०१९ मध्ये आला. निम्म्याहून बऱ्याच जास्त, म्हणजे ६० टक्के मुलांना माध्यमिक शाळेत मारहाण, धक्काबुक्की सोसावी लागली होती. शाळेकडे तक्रार करणारे फक्त १८ टक्के. आणि साधारण एक तृतीयांश जणांनी सांगितलं की शाळा सुटण्यामागे या छळाचा मोठा वाटा होता. पण मी अडलो तो दुसऱ्याच आकड्यावर. ज्यांनी तक्रार करण्याची हिंमत केली, त्यांच्यातल्या तीसेक टक्क्यांना शाळेकडून मिळालेलं उत्तर होतं, तू तुझं वागणं बदल. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तमिळनाडूतले कोण कुठले मास्तर, आणि शब्द माझे.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुष याखेरीज 'इतर' म्हणून लोक मोजले गेले. देशभरात ४ लाख ८८ हजारांच्या आसपास. त्यांच्यातलं साक्षरतेचं प्रमाण ५६ टक्के, तेव्हा देशाचं प्रमाण सत्तरीच्या पुढे होतं. त्या मोजणीत सहा वर्षांपर्यंतची सुमारे ५५ हजार मुलं होती. म्हणजे ५५ हजार मुलांच्या आईबापांनी दारात आलेल्या माणसाला स्वतःहून तसं सांगितलं होतं. त्या मोजणीला गेलेले शिक्षकच होते, मीही गेलो होतो. माझ्या गटात तसं कुणी निघालं नाही. ती ५५ हजार मुलं पुढच्या दहा-बारा वर्षांत कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर यायला हवी होती. त्यांतली दहावीपर्यंत किती पोचली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मुलींचं वेगळंच असतं. त्यांच्यावर हात क्वचित उगारला जातो. आमच्या शाळेत एक कबड्डी खेळणारी होती, केस आखूड, चालणं ऐटबाज, तिला गावात 'पोऱ्या' म्हणायचे, पण लाडाने. तालुक्याला ढाल आणली तोवर लाड टिकले. दहावीचा निकाल लागायच्या आत तिचं लग्न लावून दिलं, कारण 'पोर हाताबाहेर जाई'. आणखी एकदा दोन मैत्रिणींमधली चिठ्ठी एका बाईंना सापडली. ती शिक्षकखोलीत मोठ्याने वाचली गेली. साधी चिठ्ठी होती, तुझ्याशिवाय जेवण जात नाही, रविवार नकोसा वाटतो, एवढंच. हसू झालं, मग गंभीर चेहरे झाले, मग दोघींच्या आयांना बोलावणं गेलं. एकीचा दाखला आठवड्यात गेला. दुसरी शाळेत राहिली, पण तिने पुढे वर्गात कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. कुणी कुणाला चापटही मारली नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हे वाचून काही जण लगेच विचारतील, तो पोरगा नेमका कोण होता? समलिंगी की तृतीयपंथी, की नुसता नाजूक? मला माहीत नाही. प्रत्येक नाजूक मुलगा समलिंगी नसतो, प्रत्येक समलिंगी मुलगा नाजूक नसतो, आणि आपण मुलगी आहोत असं ज्याला आतून वाटतं त्याची गोष्ट या दोन्हींहून निराळी. एखाद्याला हे सातव्या वर्षी कळतं, एखाद्याला तिशीत. तेराव्या वर्षी मुलाने आपण कोण याचं उत्तर मास्तरला द्यावं, अशी अपेक्षाच चुकीची. त्याला मार पडू नये म्हणून ते उत्तर लागतही नाही. बापाची जात, आईचा धंदा न विचारता आपण पोराला वर्गात बसवतो ना, तसंच.

आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं आहे. बीएडला नाही, नंतरच्या प्रशिक्षणांत नाही. एकतीस वर्षांत किती प्रशिक्षणं झाली, पोषण आहाराच्या नोंदींपासून मतदारयाद्यांपर्यंत. यावर एक तास नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. ते कलम आम्हाला 'छडी बंद' एवढंच कळलं. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख मान्य केली, सप्टेंबर २०१८ मध्ये ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी विद्यार्थ्यांशी भेदभाव न करण्याचं बंधन शाळांवर घातलं. या तिन्ही बातम्या आमच्या शिक्षकखोलीत पेपरात आल्या, चहाबरोबर वाचल्या गेल्या. आपल्या आठवी 'ब'शी त्यांचा संबंध आहे, असं कुणाच्या मनात आलं नाही.

२०२१ च्या शेवटाला एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली होती, तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसं घ्यायचं याबद्दल. शिक्षकांसाठी, लक्षात घ्या, मुलांच्या हातात देण्यासाठी नव्हे. तक्रार झाली, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने पत्र पाठवलं आणि काही दिवसांतच पुस्तिका उतरवली गेली. मुलगा-मुलगी भेद न ठेवणाऱ्या स्वच्छतागृहांची सूचना तीत होती, आणि आक्षेपांच्या यादीत तीही होती. मोठमोठ्या गोष्टी बाजूला ठेवा, मला त्यातली स्वच्छतागृहाची ओळ वाचून ती निळी बाटली आठवली. दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी हे ठाऊक होतं. ते आमच्यापर्यंत यायच्या आत परत गेलं.

त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींचा खटला होता. एकमेकींबरोबर राहायचं म्हणून घरून निघून आलेल्या. त्या न्यायाधीशांनी निकाल देण्याआधी सांगितलं की हा विषय मला पुरता समजलेला नाही, आणि मानसोपचार जाणणाऱ्या व्यक्तीकडे बसून आधी स्वतः शिकून घेतलं. जूनमध्ये निकाल दिला. अशा लोकांना 'बरं' करण्याच्या नावाखाली होणाऱ्या उपचारांना मनाई केली, शाळांनी पालकांशी बोलावं असं सुचवलं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश खुर्चीत बसून मला समजत नाही म्हणू शकतो. वर्गशिक्षकाला ते का जड जावं? तो टेबलापाशी नख घासत उभा होता तेव्हा मी एवढंच म्हणालो असतो, बेटा, मला यातलं कळत नाही, तू सांग, मी ऐकतो. बस.

कुणी म्हणेल, हे सगळं शहरांचं आहे, आपल्या खानदेशात कुठलं. जळगावजवळचं भादली बुद्रुक घ्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला प्रभागातला अर्ज नाकारला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने त्यांचा स्त्री म्हणून उभं राहण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना निवडून दिलं. केळीच्या बागांतल्या, पारावर बसणाऱ्या, आमच्यासारख्याच बोलीतल्या माणसांनी मतं दिली. २०२४ मध्ये रावेर विधानसभेला शमिभा पाटील या तृतीयपंथी उमेदवार उभ्या राहिल्या. तेव्हा गाव काय स्वीकारतं आणि काय नाही, याबद्दल मास्तरांनी परस्पर अंदाज बांधू नयेत.

गेल्या वर्षी एका शाळेत मला मराठी भाषा दिनाला बोलवलं होतं. भाषण झाल्यावर तिथल्या तरुण बाईंनी मला शिक्षकखोलीत चहा दिला. दाराच्या चौकटीला, कमरेच्या उंचीवर, खिळ्याला एक किल्ली लटकत होती. एवढ्या खाली का, म्हणून मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, ती आमच्या स्टाफच्या संडासाची. पोरांपैकी कुणाला लागली तर आत न येता, न विचारता घेता यावी म्हणून खाली लावली. "कोण नेतं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, ते मी बघत नाही." त्या शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा तक्ता भिंतीवर होता, तक्रारपेटी होती, बदलापूरच्या घटनेनंतर आलेल्या आदेशाप्रमाणे कॅमेरेही बसत होते. ते सगळं असायला हवंच. पण मी बराच वेळ त्या किल्लीकडे बघत होतो.

श्रावणात आमची देवी कानबाई बसते तेव्हा सुरतेला गेलेला अर्धा खानदेश गावाला परत येतो. उधन्याहून येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. गेल्या कानबाईला बाजारात मागून आवाज आला, "सर." मी वळलो. आवाज मी लगेच ओळखला. तो तसाच होता, जाड झालेला नव्हता. तिशीतला माणूस, अंगात स्वच्छ पांढरा कुर्ता, कानात बारीक बाळी. सुरतेला साड्यांना लेस आणि टिकल्या लावायच्या कारखान्यात हाताखाली नऊ माणसं आहेत, असं त्याने सांगितलं. माय त्याच्याबरोबरच राहते. बाप गेला.

आम्ही रसवंतीवर बसलो. मी त्याला त्या बाटलीबद्दल विचारलं, कारण ती मला अधूनमधून आठवत असे. तेव्हा त्याने सांगितलं. हळू आवाजात, कुणाचंही नाव न घेता, आणि माझ्याकडे न बघता. लघवी दाबून दाबून पुढे दुखणं लागलं होतं, सुरतेच्या डॉक्टरने दोन वर्षं औषध दिलं. मी माफी मागितली. त्या चालण्याच्या उपदेशाचीही. तो म्हणाला, "ते सोडा सर. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं." मला ते सोडायचं नव्हतं. मी विचारलं, "मी काय करायला हवं होतं, सांग."

त्याने ग्लास खाली ठेवला. विचार केला. मला वाटलं तो त्या पोरांना शिक्षा करायची म्हणेल, हेडमास्तरांना सांगायचं म्हणेल, बापाला समजवायचं म्हणेल.

"काहीच नाही सर. मधल्या सुट्टीत तुम्ही मुतारीजवळ नुसतं उभं राहिले असते तरी झालं असतं."

मधली सुट्टी अर्ध्या तासाची असायची. शिक्षकखोलीच्या मागच्या दारातून मुतारी चाळीस पावलांवर होती. त्या अर्ध्या तासात आम्ही चहा प्यायचो, आणि पोरांचा गोंगाट आत येऊ नये म्हणून ते दार लावून घ्यायचो.